नवरे बोलू लागलेत... पण कुठे?

पुरवणी हातात आली की आपली नजर आधी कुठं जाते? खरं सांगा हं मैत्रिणींनो! पाककृती आणि राशिभविष्य नंतर. आधी आपण वाचतो ती कुणाची तरी कहाणी. खाली बारीक अक्षरात 'नाव बदललं आहे' असं छापलेली. वर्षानुवर्षं ही कहाणी बाईचीच असायची. नवऱ्यानं टाकलेली, सवत घरात आलेली, पोरांना घेऊन माहेरी परतलेली. आता त्याच जागेवर पुरुषही दिसू लागले आहेत. बायकोचं दुसऱ्या कुणाशी तरी जमलं होतं, संसार मोडला तरी आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही, लेक महिन्यातून दोनदाच भेटते... असं नवरे पेपरवाल्यांना सांगू लागले आहेत. कुणी नाव लपवून, तर कुणी चक्क फोटो देऊन.

असं काही छापून आलं की बचत गटाच्या बैठकीत हमखास दोन तट पडतात. एकजण म्हणते, "बरं झालं, आता यांनाही कळू दे!" दुसरी म्हणते, "अगं, त्याची आई काय करत असेल बिचारी!" आणि एखादी वयस्कर काकू पदर सावरत सगळ्यांना गप्प करते, "घरातलं घरात राहू द्यावं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिघींच्या म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे. पण गावच्या समुपदेशन केंद्रात बसून जोडप्यांचं ऐकताना मला एक प्रश्न सतत पडतो. पुरुषानं बोलावं की नाही, हा तो प्रश्नच नव्हे. बोलायलाच हवं. पण कुणाजवळ बोलावं, कितपत बोलावं, आणि त्या बोलण्याची किंमत कोण मोजतं?

दुखणं सांगायची सोय नाही

आधी त्याची बाजू पाहू. बाईला नवऱ्यानं फसवलं तर ती निदान रडू शकते. आई असते, बहीण असते, शेजारीण असते. पुरुषाला बायकोनं फसवलं तर तो रडला की लोक हसतात. 'बायको सांभाळता आली नाही' हे वाक्य आपल्याकडं किती सहज बोललं जातं पाहा! पारावर, कट्ट्यावर, कधी कधी तर आपल्याच स्वयंपाकघरातसुद्धा. म्हणजे फसवणूक त्याची झाली आणि कमीपणाही त्यालाच. मग हा माणूस जाईल कुठं?

केंद्रात आलेला एक गृहस्थ आठवतो. पन्नाशीला टेकलेला, नोकरदार, नीटनेटके कपडे. पहिला अर्धा तास तो फक्त घराच्या हप्त्याबद्दल बोलला. मग पाणी प्यायला आणि एकदम म्हणाला, "ताई, मी आठ महिने कुणाशीच बोललो नाही हो. ऑफिसात डबा उघडला की सगळे विचारतात, आज वहिनींनी काय दिलंय? मी रोज हॉटेलातून भाजी आणून डब्यात भरतो." एवढं सांगून तो जो रडायला लागला, तो थांबेचना.

हे दुखणं खोटं नाही. आकडेही तेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२१ या एका वर्षात देशात १ लाख ६४ हजार ३३ जणांनी आत्महत्या केली. त्यात विवाहित पुरुष ८१ हजारांहून जास्त होते आणि विवाहित स्त्रिया २८ हजारांहून जास्त. आता या आकड्यांवरून 'बघा, बायकांनी मारलं' असा निष्कर्ष काढणारेही आहेत, तो बरोबर नाही. कर्ज, आजारपण, दारू, बेकारी, नापिकी अशी कितीतरी कारणं त्यात आहेत. पण एवढं नक्की, की आपल्या घरातला पुरुष आतल्या आत घुसमटतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून कुणी वार्ताहरापुढं का होईना, तोंड उघडत असेल तर त्याला लगेच हसू नये.

ही रीत नवी नाही

पण नवरे पेपरात बोलतात हे काही आजचं नाही बरं का! आपल्या जिल्ह्याच्या पेपरातली 'जाहीर नोटीस' आठवा. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझी पत्नी घर सोडून गेली असून, तिच्याशी कोणीही व्यवहार करू नये, केल्यास त्यास मी जबाबदार राहणार नाही...' दोन इंचाच्या चौकटीत एका बाईची अब्रू! असल्या नोटिसांत बाईचं नाव, माहेरचं गाव, कधी कधी फोटोसुद्धा असतो. तिची बाजू मात्र कुठंच नसते.

त्याच्याही मागं जाऊ. रखमाबाईंचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न झालं, मोठेपणी त्यांनी सासरी जायला नकार दिला. १८८४ साली दादाजी मुंबईच्या हायकोर्टात गेले. तिथं बदफैलीचा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता बायकोवरच्या हक्काचा. १८८७ च्या मार्चमध्ये कोर्टानं हुकूम दिला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्याच वर्षी दादाजींनी आपली बाजू छापून प्रसिद्ध केली आणि रखमाबाईंच्या घरच्यांवर आरोप केले. रखमाबाईंनीही वृत्तपत्रातूनच त्याला उत्तर दिलं. लिहिता-वाचता येत होतं म्हणून त्यांना ते जमलं. त्याआधी १८८५ मध्ये 'एक हिंदू स्त्री' या नावानं त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध पत्रंही लिहिली होती. पुढं १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. पण ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, तिच्या नवऱ्यानं छापलेलं तेवढंच सत्य ठरलं असणार, नाही का?

आणि मग ते गाजलेलं नानावटी प्रकरण. २७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना त्यांच्या पत्नीनं, सिल्व्हियानं, सांगितलं की प्रेम आहुजा या गृहस्थावर आपलं मन जडलं आहे. नानावटी जहाजावर गेले, तिथून पिस्तूल घेतलं आणि आहुजाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. स्वतःच पोलिसांच्या स्वाधीन झाले. ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं! हायकोर्टानं तो निकाल फिरवून जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली.

यात 'ब्लिट्झ' या साप्ताहिकाचा वाटा फार मोठा. संपादक रुसी करंजियांनी नानावटींची बाजू अशी लावून धरली की पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जाऊ लागला. देशासाठी लढणारा रुबाबदार अधिकारी, फसवला गेलेला सज्जन नवरा! गोष्ट वाचकांना आवडली. पण ज्याचा जीव गेला त्याला बहीण होती. ज्या बाईवरून हे घडलं तिला तीन लहान मुलं होती. बाबांनी काय केलं, आईनं काय केलं, हे त्या मुलांनी कितीजणांच्या तोंडून ऐकलं असेल! नवऱ्याच्या दुःखाला सहानुभूती देता देता लोक एका खुनाकडं काणाडोळा करून बसले. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फसवला गेलेला माणूस, की मालक?

गंमत पाहा, आपला कायदासुद्धा तसाच विचार करत होता. भारतीय दंड संहितेचं ४९७ वं कलम इंग्रजांच्या काळापासून होतं. परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा. बाईला शिक्षा नाही. ऐकायला बरं वाटतं ना? पण पुढं वाचा. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! आणि तक्रार करायची ती बाईच्या नवऱ्यानं. ज्या बाईचा नवरा बाहेर जातो तिला तक्रारीचा हक्कच नाही. म्हणजे बायको ही वस्तू, आणि तिच्या मालकाचं नुकसान झालं, एवढाच त्याचा अर्थ. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी हे कलम रद्द केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते पुन्हा आलेलं नाही.

त्यावेळी अनेक घरांतून सूर निघाला, 'आता काय, मोकळं रान!' तसं अजिबात नाही. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आजही आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनंतर लग्नाच्या जोडीदाराखेरीज दुसऱ्याशी स्वेच्छेनं ठेवलेला संबंध एकदाचा असला तरी नवरा किंवा बायको, दोघांपैकी कुणीही त्या कारणावर घटस्फोट मागू शकतं. बदललं ते इतकंच, की आता हा दोघांमधला विश्वासाचा मामला आहे. तुरुंगाचा नाही.

केंद्रात पुरुषांचं ऐकताना हा फरक मला लगेच कळतो. एकजण म्हणतो, "माझं काय चुकलं हेच समजत नाही." तो फसवला गेलेला माणूस बोलतो. दुसरा म्हणतो, "माझ्या घरात राहून, माझं खाऊन हिची हिंमत कशी झाली?" तो मालक बोलतो. पहिल्याला आधार हवा असतो. दुसऱ्याला बहुतेकदा छापणारा हवा असतो.

कोर्टाचं दार बंद का असतं?

आता एक महत्त्वाची माहिती, जी आपल्यापैकी फार कमीजणींना असते. हिंदू विवाह कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे घटस्फोटाचे खटले बंद दाराआड चालतात. त्यातला मजकूर छापायला कायद्यानं मनाई आहे. हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टाचा निकाल तेवढा कोर्टाच्या आधी घेतलेल्या परवानगीनं छापता येतो. मोडणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड. दंड आजच्या हिशेबानं किरकोळ आहे, पण त्यामागचा विचार किरकोळ नाही. दोन माणसं वेगळी होताना एकमेकांबद्दल जे बोलतात, ते रागाच्या भरातलं असतं. ते गावानं वाचायचं नसतं.

म्हणून कुणी नवरा वार्ताहराला 'माझ्या केसमध्ये अमुक कागद लागला, तमुक साक्ष झाली' असं सांगू लागला, तर ते सांगणाऱ्यानं आणि छापणाऱ्यानं, दोघांनीही थांबायला हवं. शिवाय आरोप खोटा निघाला तर बदनामीचा गुन्हा आहेच. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात त्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. हे बायकोलाही तितकंच लागू आहे बरं का!

पुराव्याची गोष्ट वेगळी. पती-पत्नीचं चोरून रेकॉर्ड केलेलं संभाषण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येईल, असा निकाल जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिला. याचा अर्थ ते न्यायाधीशांपुढं ठेवता येईल. भावकीच्या ग्रुपवर टाकता येईल असा मुळीच नाही!

मधली पोरं

सगळ्यात जास्त किंमत कोण मोजतं, ते सांगते. सातवीतली एक मुलगी होती. वडिलांनी आपली कर्मकहाणी एका स्थानिक पेपरला दिली. नाव दिलं नव्हतं, पण वडिलांचा धंदा, गल्ली, देवळाशेजारचं घर, सगळं होतं. छोट्या गावात नाव बदलून काय होतं हो? दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते कात्रण वर्गात आणलं. मुलीनं शाळा सोडली नाही, पण मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडणं सोडलं. तिच्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते थिजून गेले. त्यांचा राग बायकोवर होता, पोरीवर तर त्यांचा जीव होता. पण छापलेली अक्षरं बायकोजवळ थांबली नाहीत.

रागाच्या भरात आणखी एक भयंकर वाक्य बोललं जातं, 'पोर माझंच आहे कशावरून?' आणि मग डीएनए चाचणीची मागणी. पुण्याच्या फॅमिली कोर्टातून सुरू झालेल्या अशाच एका प्रकरणात फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मुलाची चाचणी करायला नकार दिला. बायकोच्या वर्तनावर संशय आहे म्हणून मुलाच्या जन्मावर उठसूट प्रश्नचिन्ह लावता येणार नाही, मुलाच्याही खासगीपणाला किंमत आहे, असा त्याचा आशय. मोठ्यांच्या भांडणात पोराला पुरावा करायचं नाही. ही गोष्ट पेपरात बोलणाऱ्या प्रत्येक बापानं, आणि आईनंसुद्धा, मनावर कोरून घ्यावी.

आपण काय करायचं?

समजा, तुमच्या भावावर, दिरावर, मुलावर ही वेळ आली. पहिली गोष्ट म्हणजे त्याचं ऐका. 'तूच नामर्द', 'सोड तिला, दुसरी आणू' असले शेरे नकोत. त्याला दोन घास खाऊ घाला आणि बोलू द्या. तो फारच खचलेला वाटला, झोप उडाली, 'आता जगून काय करू' अशी भाषा आली, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. फोनवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. फॅमिली कोर्टात विवाह समुपदेशक असतात आणि त्यांच्यापुढं बोललेलं गुप्त राहतं. जिथं फॅमिली कोर्ट नाही तिथं तालुका विधी सेवा समितीकडं चौकशी करावी. तिथं बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या पुरुषालाही मिळतो. दोघांनाही वेगळं व्हायचंच असेल तर परस्पर संमतीचा मार्ग आहे. त्यात कुणाच्या चारित्र्यावर एक अक्षरही लिहावं लागत नाही.

आणि समजा, नोटीस किंवा कहाणी तुमच्याबद्दलच छापून आली, तर? घाबरू नका. ते कात्रण तारखेसकट जपून ठेवा. वकिलाला दाखवा. संपादकांना लेखी कळवा आणि आपली बाजू छापायला सांगा. एक पक्कं ध्यानात घ्या, पेपरातल्या नोटिशीनं लग्न मोडत नाही. नोटीस दिली म्हणून पोटगीची जबाबदारीही टळत नाही. 'व्यभिचारात राहणाऱ्या' पत्नीला पोटगी मिळत नाही हे कायद्यात आहे, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. पण ते कोर्टात सिद्ध व्हावं लागतं. नवऱ्यानं छापलं म्हणून सिद्ध होत नाही. आणि मुलांची पोटगी तर कुठल्याही परिस्थितीत चुकत नाही.

आता थोडं आपल्याकडंही बघू या. आपण वाचतो म्हणूनच छापलं जातं. बाईची कहाणी असली की डोळे पुसतो, पुरुषाची असली की 'तिनं नक्की काय केलं असेल' याचे तपशील शोधतो. पुरुषाच्या कहाणीत नसलेल्या बाईची बाजू आपण विचारतो का? बाईच्या कहाणीत नसलेल्या नवऱ्याची विचारतो का? एका हातानं टाळी वाजत नाही असं म्हणतो खरं, पण ऐकतो मात्र एकाच हाताची.

पुरुषांना माझं सांगणं इतकंच आहे. बोला, भाऊ, जरूर बोला. झोप लागत नाही हे सांगा, एकट्यानं पोरांच्या वेण्या घालताना काय होतं ते सांगा, लोक हसले तेव्हा काय वाटलं ते सांगा. ते वाचून दुसरा एखादा नवरा विषाच्या बाटलीपासून परत फिरेल. पण तिचं नाव, तिचं गाव, तिचे फोन, तिची पत्रं हे तुमचं दुःख नव्हे. ती तिची अब्रू आहे, आणि उद्या तुमच्याच लेकरांना तिच्या कुशीत जायचं आहे.

आणि काकूंची झाकली मूठ? ती मूठ उघडायलाच हवी. आवळून धरून हात दुखतो. फक्त ती चव्हाट्यावर न उघडता कुणातरी शहाण्या माणसापुढं उघडावी, एवढंच.